दुसऱ्या हातची मोजणी

"हा गठ्ठा तू घे, वेंडेलिन," म्हणत गेरलिंडेनं पुढ्यातल्या मतपत्रिका घाईघाईनं त्याच्याकडे सरकवल्या.

"मी कसा घेऊ? तो आपण दोघांनीच तर लावला. एकानं लावलेला गठ्ठा दुसऱ्यानं मोजायचा, हा नियम सकाळी कुणी वाचून दाखवला, अध्यक्षबाई?" वेंडेलिननं सॉसेजचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला. "पलीकडच्या दोघींचे हात गुंतलेत. राहिला ओटमार."

तेच तर गेरलिंडेला नको होतं.

विधिमंडळाची मतं मोजून आकडा फोनवरून कळवून झाला होता. आता राज्यघटनेतल्या बदलांची ती हातभर लांब पत्रिका चालली होती. प्रश्न पंधरा. बहुतेकांनी वरच्या चौकोनात 'सगळ्याला हो' अशी एकच फुली मारून घर गाठलं होतं. पण काहींनी तशी फुली मारून खाली एका, एकाच प्रश्नापुढे मुद्दाम 'नाही' केलं होतं. जर्मनीतल्या हेसन राज्याच्या जुन्या घटनेत मृत्युदंड अजून छापलेला होता. देशाच्या कायद्यापुढे त्याचं काही चालत नव्हतं, नुसता शब्द उरला होता. तो खोडायचा का? नाही, असं या लोकांचं म्हणणं. राहू दे. हा गठ्ठा त्यांचाच.

आणि ओटमारची मुलगी सिल्के नऊ वर्षांपूर्वी नाचाच्या कार्यक्रमाहून घरी परतताना मारली गेली होती. मारणारा शेजारच्याच गावचा पोरगा.

"दे इकडं," ओटमारनं हात पुढे केला. "कागदच आहेत. चावतात की काय?"

अंगठा ओला करून तो मोठ्यानं मोजू लागला. मोजणी सगळ्यांसाठी खुली म्हणून सभागृहाचं दार सताड उघडं होतं. बघायला चिटपाखरूही आलेलं नव्हतं, आत येत होता तो फक्त गारठा. गेरलिंडेनं शाल घट्ट ओढून घेतली. एकेक कागद त्याच्या हाताखालून जात होता आणि तिचा जीव टांगणीला लागला होता.

"अकरा," ओटमार म्हणाला.

त्यातलं एक तिचं होतं. सकाळी पडद्याआड शिरल्यावर तिला सिल्के आठवली. बाप्तिस्म्याला तिनंच तर त्या पोरीला हातांवर धरलं होतं. डोळे भरून आले, आणि तिनं पेन्सिल कागद फाटेल इतकी दाबली. आज घरी जाताना ती ओटमारला सांगणार होती, तुझ्या पोरीसाठी एवढं तरी केलं मी. वाक्यसुद्धा मनात जुळवून ठेवलं होतं. फक्त हा गठ्ठा असा सगळ्यांसमोर त्याच्या हातात पडायला नको होता. जखमेची खपली निघायची उगाच.

वेंडेलिनला मात्र राहवेना. "मनाला लावून घेऊ नकोस रे बाबा. यात तुझं एक धरलं, तरी बाकीची दहा तुझ्यासाठीच आहेत, एवढं समज. गाव विसरलेलं नाही."

"माझं धरून?" ओटमारनं मान वर केली. "माझं त्या ढिगात आहे." त्यानं बोट दाखवलं ते 'हो'च्या उंच थप्पीकडे.

वेंडेलिननं थप्पीकडे वळून बघितलं.

"खटल्याला त्या पोराची आई यायची," ओटमार म्हणाला. "तिच्या बाकावर कुणी बसायचं नाही. शेवटी मीच बसायचो. बघितलंय मी तिला. तशा आईचं पोर फासावर द्यायचं, आणि वर माझ्या पोरीचं नाव पुढे करायचं? मला विचारलं कुणी?" त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "नऊ वर्षं माझ्यासमोर सिल्केचं नाव काढायला कुणाची जीभ रेटत नाही. मला बघून रस्ता ओलांडतात लोक. आणि आज पडद्याआड सगळ्यांना माझी कणव आली!"

गेरलिंडेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती रस्ता ओलांडत नव्हती, एवढं खरं. पण नाव? नाव तिनंही कधी काढलं नव्हतं. त्याला त्रास होईल, अशी स्वतःची समजूत घालून बसली होती. खरं तर त्याच्यासमोर काय बोलावं हेच तिला सुचायचं नाही. फुली मारणं सोपं गेलं.

सगळे गठ्ठे झाल्यावर निकाल वाचायचं काम अध्यक्षबाईंचंच. ती उभी राहिली आणि रिकाम्या खुर्च्यांना एकेक प्रश्नाचे आकडे वाचून दाखवू लागली. तो प्रश्न तिनं पुटपुटत वाचला.

"मोठ्यानं वाच, गेरलिंडे," पलीकडच्या टेबलावरून एकजण म्हणाली. "इथंसुद्धा ऐकू येत नाही."

"नाही... अकरा," गेरलिंडे मोठ्यानं म्हणाली.

बाहेर पडल्यावर ओटमार तिच्यासाठी थांबला होता. दोघांची घरं एकाच चढावर. तिनं जुळवून ठेवलेलं वाक्य कधीच गिळून टाकलं होतं.

चढ सुरू झाला तसा ओटमारनं तिच्या हातात हात अडकवला.

"तू आहेस म्हणून बरं," तो म्हणाला. "उद्यापासून बेकरीत, चर्चमध्ये, जो दिसेल त्याच्याकडे बघून मला वाटणार, हा तर त्या अकरांमधला नसेल? तुझ्याकडे तरी निवांत बघता येतं."

गेरलिंडेनं हात सोडवून घेतला नाही.