टाळ वाजल्यावर

मडिवाळप्पाचा हात लेथच्या बटणापर्यंत गेला आणि तिथंच थबकला. शेजारच्या मठात टाळ वाजले होते, आणि लेथवर फिरणाऱ्या सिलिंडरमध्ये धातू कापणारं टूल अजून अर्ध्यावरच होतं.

भवानी पेठेतल्या त्या बोळाचा रिवाज कुणी घालून दिलेला नव्हता, पण पाळायचे सगळे. मठात शिवकीर्तनाचे टाळ वाजले की माग बंद, लेथ बंद. आजही माग गप झाले. खडखडत राहिला तो एकट्या मडिवाळप्पाचा लेथ. आणि मडिवाळप्पा कोण, तर दर कीर्तनाला महाराजांच्या मागं टाळ धरून उभा राहणारा.

रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून तो वाफेचं इंजिन बनवत होता. खऱ्याच्या चौथाई मापाचं, पण मागच्या डब्यात पोरं बसवून ओढील एवढं दांडगं. नकाशे त्याचे, लाकडी साचेही त्याचेच. सिलिंडरचं ओतकाम आधी फसलं होतं, आतून पोकळ निघालं होतं. हे मात्र निरोगी निघालं. दिवसभर वीज नव्हती. ती संध्याकाळी आली, तेव्हा त्याला वाटलं, टाळ वाजायच्या आत सिलिंडरच्या आतून टूलचा शेवटचा हात फिरवून होईल. तिथंच अंदाज चुकला. हा हात मध्येच थांबवला तर टूल टेकलं असेल तिथं गोल वरखडा उठणार, आणि तिथून वाफ निसटणार. माप शेवटचं होतं. पुन्हा कापायला जागा नव्हती.

त्यानं बटणावरचा हात मागं घेतला.

मठात ‘ओम नमः शिवाय’चा गजर सुरू झाला. एरवी गजर थोडा वेळ चालायचा, मग गुरुबसप्पा महाराज निरूपणाला लागायचे. आज गजर संपेना. टाळ चढत गेले, पखवाज चढत गेला. मडिवाळप्पाच्या कानशिलांत ते घणासारखं वाजू लागलं. बोळ आपल्याला सुनावतोय, त्याला वाटलं. आपल्या खडखडाटावर आवाज चढवतोय. महाराजांचा घसा गेले काही दिवस बसत चालला होता. घसा बरा होईपर्यंत आजच्यानंतर मठात कीर्तन नव्हतं. जे काही शब्द उरलेत ते ऐकायला माणसं आलेली, आणि आपण एका लोखंडाच्या नळकांड्यासाठी त्यांच्या आडवे आलोय.

बिडाचा काळा भुगा टूलखाली सांडत होता. “शिवा, आवर रे लवकर,” तो पुटपुटला. पण टूल आपल्या चालीनंच सरकणार. ते पार बाहेर आलं, तेव्हा त्यानं बटण दाबलं. मठातला गजरही उतरत उतरत थांबला. त्यानं कान लावले. निरूपणाचा शब्द आला नाही. आली ती एकदम आरती.

काळ्या हातांनीच तो मठात गेला. माणसं पांगत होती. महाराज खांबाला टेकून बसले होते आणि शरणम्मा, त्यांची बायको, त्यांना ज्येष्ठमधाचं पाणी पाजत होती.

“या इंजिनवाले,” पखवाजावरचा मल्लप्पा बोटं चोळत म्हणाला. “लई वाजवायला लावलं की आज. बोटं सुजली माजी.”

मडिवाळप्पानं महाराजांच्या पायावर डोकं ठेवलं. “चुकलो, महाराज. निरूपण बुडालं माज्यापायी. लोकांनी गजर लावून धरला, बरूबरच केलं.”

“लोकांनी कुटं?” शरणम्मा म्हणाली. “लोक म्हनत हुते, जाऊन बंद पाडतो त्याचं यंत्र. ह्यांनीच कुनाला उटू दिलं न्हाय. तुजा लेथ थांबस्तवर गजर सोडलाच न्हाय. हुता नव्हता तेवढा घसा त्यात घातला.”

मडिवाळप्पाला मान वर करवेना. महाराजांनी त्याचा काळा हात धरून त्याला जवळ ओढलं. आवाज नव्हताच, नुसता श्वास होता. त्याच्या कानाशी लागून त्यांनी विचारलं,

“सिलिंडर साधला न्हवं?”