संपाच्या फाटकातून

"गाडी खालीच ठेवलीस, बरं केलंस," फिडेल्मा म्हणाली. "वर आणली असतीस तर पोरींनी चाकांतली हवा सोडली असती."

नूला मॅकगॉनिगल हसली नाही. ती वृद्धाश्रमाच्या फाटकासमोर उभी होती आणि तिच्या नि फाटकाच्या मधे बायकांची रांग होती. सगळ्या बनक्रॅना गावातल्याच. म्हाताऱ्यांना न्हाऊमाखू घालणाऱ्या, भरवणाऱ्या. सरकारने त्यांची पगारवाढ रोखली होती, म्हणून आठवडाभर त्या संपावर होत्या. त्याच सरकारात नूला राज्यमंत्री होती.

पत्र्याच्या ड्रममध्ये लाकडं जळत होती. खाडीवरून येणारा वारा धूर कधी इकडे तर कधी तिकडे लोटत होता. थकलेल्या दोघी-तिघी खुर्च्यांवर बसल्या होत्या. ड्रमच्या पलीकडची तर रेनकोटाची टोपी कपाळावर ओढून, मफलर नाकापर्यंत गुंडाळून बसली होती. मांडीवर आडवा फलक.

"मेट्रनचा फोन आला होता," नूला म्हणाली. "आई आतलं काही तोंडाला लावत नाहीये. कुणाचं ऐकत नाही म्हणे. लवकर ये म्हणाली."

"हं." फिडेल्माने ड्रममध्ये एक फळी टाकली. "चहा घे आधी. हॅमची सँडविचेसही आहेत."

"चहा कसला घेऊ? आई मरायला टेकलीय माझी."

"टेकलीय असं मी काही म्हणणार नाही."

"तू पाहिलंस तिला?"

"आम्ही आत कुठे जातोय बाई? संपावर आहोत."

मागची एकजण फिसकन हसली. फिडेल्माने वळून पाहिलं तशी ती गप्प झाली.

नूला आणि फिडेल्मा शाळा सुटल्या सुटल्या एकाच दिवशी शर्टच्या कारखान्यात लागल्या होत्या. एक कॉलर शिवायची, दुसरी कफ. पुढे नूला युनियनची प्रतिनिधी झाली, मग डब्लिनच्या कार्यालयात गेली, मग संसदेत. प्रत्येक निवडणुकीत तिच्या फोटोखाली एकच ओळ असायची: हिने संपाची रांग कधी ओलांडली नाही.

ते खरंच होतं. पण तो बाणा तिचा नव्हता, आईचा होता.

आई त्याच कारखान्यात होती आणि रोझमावशीही. मोठा संप झाला तेव्हा रोझमावशीचं बाळ आजारी होतं. एका सकाळी ती मान खाली घालून फाटकातून आत गेली. कुणी शिवी दिली नाही. बायका एकेक करून तिच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या, आणि सगळ्यात आधी वळली ती आई. आईचं बोट धरलेल्या नूलालाही वळावं लागलं. त्यानंतर दोघी बहिणी एकाच चर्चला जायच्या, एकाच दुकानातून पाव आणायच्या, पण आई मावशीशी एक शब्दही बोलली नाही. मावशीला पुरलं तेव्हा आई दफनभूमीच्या भिंतीबाहेर उभी होती.

"आई असती तर काय म्हणाली असती?" नूला पुटपुटली, आणि आपण काय बोललो ते कळून तिने जीभ चावली. आई होती की अजून. त्या तिसऱ्या खिडकीमागे.

आईपाशी बसून किती महिने झाले ते तिला आठवून बघायचं नव्हतं. तिची स्वतःची मुलगी तान्ही असताना तापाने फणफणली होती, तेव्हाही नूला गॉलवेला वाटाघाटी करत होती. पोरीला मांडीवर घेऊन बसली होती आईच. नूलाने फोनवर म्हटलं होतं, एवढं आटपून येतेच. तिचं सगळं आयुष्य काहीतरी आटपून येण्यात गेलं होतं.

"मला आत जायचंय, फिडेल्मा."

"पोटच्या पोरीला कोण अडवणार? तुझं तू ठरव. आम्ही काही बोलायचं नाही, असं ठरलंय." मग जरा खालच्या आवाजात ती म्हणाली, "पण चहा घेतलास तर बरं. खरंच सांगते. इथे बस जरा आमच्यात."

"आणि तेवढ्यात काही झालं म्हणजे?"

 फिडेल्मा बाजूला झाली.

नूलाने पाऊल टाकलं. तशी फिडेल्मा वळली, तिच्या शेजारची वळली, मग तिच्या पलीकडची. सगळ्या रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. ड्रमपलीकडची तेवढी होती तशीच बसून राहिली. मफलरवरचे डोळे धुरातून आपल्याकडे लागलेत असं नूलाला वाटलं. तिने मान खाली घातली आणि ती फाटकातून आत गेली.

आत फिनाइलचा वास होता. कुठूनतरी बदलीवर आणलेली एक पोरगी भांबावून ट्रॉली ढकलत होती. आईच्या खोलीबाहेर स्टूलावर ताट होतं. स्ट्यूवर साय धरली होती.

तिने दार ढकललं. पलंग रिकामा होता. चादर कोपऱ्यांत घट्ट खोचलेली, उशी सरळ. जपमाळही नव्हती.

नूला पलंगाच्या कडेवर टेकली. "उशीर झाला मला," ती म्हणाली.

"अगं, कशाला उशीर?" दारात मेट्रन होती, दमलेली, हातात टॉवेलांची चळत. "बदलीच्या माणसांनी घातलेल्या अंथरुणात निजायचं नाही, त्यांच्या हातचा घास खायचा नाही. संप सुरू झाल्यापासून हेच चाललंय. रात्री खुर्चीतच झोपते. सकाळ झाली की मला बाहेर न्या, म्हणून हट्ट. म्हणून तर तुला बोलावलं, तू तरी समजावशील. फाटकात भेटली नाही का?"

नूला उठून खिडकीपाशी गेली.

खाली फिडेल्मा ड्रमपलीकडे वाकून काहीतरी विचारत होती. रेनकोटाची टोपी एकदाच हलली. मग फिडेल्माने खुर्चीच्या मुठी धरल्या आणि खडीवरून तिची चाकं हळूहळू फिरवली, खुर्चीची पाठ खिडकीकडे होईपर्यंत.