भिंतीची तराई

"वामनराव, ह्या गॅरेजात ओल आली तर माझ्या नव्या गाडीवर तुम्ही गोवऱ्या थापा," श्रीधरराव म्हणाले आणि त्यांनी ब्लॉकच्या कोऱ्या भिंतीवर अशी थाप मारली, की पुढे कितीतरी दिवस त्यांचा पंजा दुखत होता.

शेजारचे वामनराव नुसते हसले. "असं बोलू नका गा. गाडीले नजर लागंल."

पण श्रीधररावांना खात्रीच होती. रिटायर झाल्यावर त्यांनी आयुष्यातली पहिली गाडी घेतली आणि तिच्यासाठी मानेवाड्यातल्या घराच्या बाजूला गॅरेज बांधलं. त्याआधी मोबाइलवर इतके व्हिडिओ पाहिले, की कुहीहून आलेल्या मिस्त्रीला ते काम शिकवायला लागले. विटा नकोत, सिमेंटचे ब्लॉक. पायावर डांबर, त्यावर जाड प्लास्टिक, म्हणजे जमिनीतली ओल वर चढत नाही. मिस्त्री सगळ्याला "हो साहेब" म्हणाला आणि काम आटोपून निघून गेला.

मे महिना लागला. कुंड्यांतली माती भाजून निघाली, कपडे दोरीवर टाकेस्तोवर वाळू लागले, आणि अख्ख्या नागपुरात एकच गोष्ट ओली झाली. श्रीधररावांच्या गॅरेजची भिंत.

ओल वामनरावांच्या घराच्या बाजूनं होती. आधी घोट्याएवढी, मग गुडघ्याएवढी. श्रीधररावांनी पुट्टी लावली, ती गळून पडली. रंग दिला, त्याला पापडासारखे फोड आले. शेवटी त्यांनी घरातला टेबलफॅन नेऊन भिंतीसमोर ठेवला.

"मी ओट्याशी घामानं भिजून राहिली," बायको चारुलता म्हणाली, "अन् हे भिंतीले वारा घालून राहिले."

कोणी गॅरेज पाहायला आलं, की श्रीधरराव चावी सापडत नाही म्हणून सांगायचे. एकदा सांगताना ती हातातच होती.

संध्याकाळी कॉलनीतली माणसं मंदिराच्या ओट्यावर बसायची. तिथं कोणीतरी विचारलं, "श्रीधरराव, गॅरेजात मासोळ्या सोडल्या म्हणते?" सगळे हसले. श्रीधररावांचे कान तापले.

"माझी भिंत एकदम बरोबर आहे," ते म्हणाले. "वामनरावांचं बाथरूम गळून राहिलं. तेच पाणी माझ्या भिंतीत शिरते."

वामनरावांचा चेहरा पडला. त्यांना आपल्या घरात खिळा ठोकलेलासुद्धा खपत नसे. "आमचं बाथरूम? बाबांनी बांधलेलं आहे ते."

त्यांची बायको प्रेमिला शेजारच्या बाकावर श्रीधररावांच्या आईजवळ, यमुताईंजवळ बसली होती. तिनं मान खाली घातली. "भाऊजी उगाच नाही बोलणार. शिकलेला माणूस आहे. आपल्यापायी लोकाचं नुकसान कशाले?"

यमुताई वाती वळत होत्या. त्यांनी पुढची वात वळायला घेतली.

वामनरावांनी जुनं बाथरूम फोडून नवं बांधायला काढलं. मग ते रोज सकाळी टॉवेल-बादली घेऊन श्रीधररावांकडे आंघोळीला यायला लागले. "तुमच्याकडे पाण्याले जोर चांगला आहे गा," ते आतून सांगायचे. श्रीधरराव तेवढ्या वेळात फिरायला निघून जायचे.

एका सकाळी वाटेत चप्पल तुटली म्हणून श्रीधरराव अर्ध्यातून परतले. अंगणातल्या नळाला रबरी पाइप लावलेला होता. तो गॅरेज आणि वामनरावांचं घर यांच्यामधल्या फटीत गेला होता. त्या फटीत श्रीधरराव अंग चोरूनही मावत नसत. काटकुळ्या यमुताई आरामात मावल्या होत्या. पदर खोचून त्या गॅरेजच्या भिंतीवर पाणी मारत होत्या.

"आई, हे काय करून राहिली?"

"तराई," यमुताई म्हणाल्या. "नव्या भिंतीवर पानी मारत राहा आजी, म्हणे मिस्त्री. बंद कर असं कोनी सांगितलंच नाही बापा."

श्रीधररावांनी घाईघाईत घराचा मुख्य नळच बंद केला. आतून वामनरावांचा आवाज आला, "पाणी काहून गेलं गा? साबण डोळ्यात आहे."

श्रीधररावांनी नळ पुन्हा सोडला आणि आईला फक्त एवढंच सांगितलं, की आता पुरे. वामनरावांना सांगायचं म्हणून त्यांनी कितीदा तोंड उघडलं, पण दर वेळी गोष्ट उकाड्यावर गेली. फुटलेलं बाथरूम काही जोडता येणार नव्हतं. इकडे भिंत वाळत गेली, तिकडे नव्या बाथरूमच्या टाइल्स लागत गेल्या, आणि सगळी कॉलनी श्रीधररावांच्या पारखेची तारीफ करायला लागली.

बाथरूम झालं तशी वामनरावांनी संत्रा बर्फी आणली. "माफ करा गा. आमच्यापायी तुमच्या भिंतीचं वाटोळं झालं."

श्रीधररावांनी बर्फी तोंडात टाकली. त्या दिवसापासून वामनराव समोरून दिसले की ते गल्ली बदलायला लागले. गाडी त्या कोरड्या गॅरेजात लावायचीही त्यांना लाज वाटे, म्हणून ती बाहेर उन्हात उभी राहायची.

शेवटी वामनराव कन्हानला गेलेले पाहून ते प्रेमिलाकडे गेले. उंबऱ्यातच उभं राहून, स्वतःच्या पायांकडे पाहत त्यांनी सगळं सांगितलं. आई, पाइप, तराई, सगळं.

प्रेमिलानं तोंडाला पदर लावला. तिचे खांदे हलत होते. श्रीधररावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"वहिनी, मी वामनरावांचे पाय धरतो."

"नको, नको," ती घाईनं म्हणाली. "ह्यांना काहीच सांगू नका. मनाले लावून घेतील. झालं ते झालं, भाऊजी. अन् आईंना रागावू नका. त्यांच्या मनात काही नव्हतं."

एवढं मोठं मन. श्रीधररावांचे डोळे भरून आले. घरी येऊन त्यांनी गॅरेजचं शटर वर केलं, गाडी आत लावली आणि कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला. तेवढ्यात भिंतीपलीकडच्या फटीतून यमुताईंचा आवाज आला.

"प्रेमिला वं, आता तुझ्या स्वैपाकघराच्या बाजूनं पानी कधीपासून मारू?"