उघड्या दारातून

ज्ञानदाने खांद्यावरचा पट्टा आणखी आवळला तसे नीलकंठराव जेवणाच्या खुर्चीतच ताठ झाले.

“मले बैल समजली काय वं?”

“उद्या हेलिकॉप्टरचं दार काढलेलं असेल, बाबा. वाका पुढे. अजून वाका.”

ते वाकले. पाठीवरच्या हुकाने त्यांना धरून ठेवलं. दोराचं दुसरं टोक तिने खिडकीच्या गजाला बांधलं होतं. उद्या ते हेलिकॉप्टरच्या तळातल्या कडीत अडकणार होतं.

मंदाकिनीबाई ताटं उचलत म्हणाल्या, “जन्मभर मले जमलं नाही. पोट्टीनं बांधला बापाले.”

उद्याच्या हवाई चित्रणासाठी ज्ञानदाला खरं तर वेगळा कॅमेरा हवा होता, हेलिकॉप्टरच्या नाकाखाली बसवायचा. आत, बंद दाराआड बसून बटणांनी फिरवायचा. नीलकंठरावांनी ते ऐकूनच घेतलं नव्हतं. “दार लावून बसाचं, तं घरीच बसतो ना.” शेवटी तोड निघाली: दार उघडं, पण कॅमेरा गिंबलच्या चौकटीत, वरून रबरी दोराने टांगलेला. गिंबलला मोटरी होत्या. धरणाऱ्याचा हात हलला, अगदी सुटला तरी चित्र हलत नसे.

नीलकंठरावांनी मुद्दाम हात थरथरवून पाहिला. स्क्रीनवर भिंतीवरचं कॅलेंडर जागच्या जागी राहिलं.

“बेस आहे,” ते म्हणाले. “म्हाताऱ्याचा हात लपते.”

सकाळी सिलतऱ्याच्या कारखान्याशेजारच्या मैदानावर तिने त्यांचे खिसे रिकामे केले. उघड्या दारातून कंगवा उडाला तरी मागच्या पंख्यात जाऊ शकतो. बाही घासून बक्कल उघडू नये म्हणून त्यावर चिकटपट्टी लावली, नखाने दाबून बसवली. मग एकेक पट्टा ओढून पाहिला.

“पार्सल तयार,” नीलकंठराव म्हणाले. “पत्ता लिव आता.”

कारखान्याभोवती गोल फेऱ्या मारायच्या होत्या. चित्र खाली तंबूतल्या स्क्रीनवर दिसत होतं. पहिल्या फेरीत नीलकंठराव हेडफोनवर सारखे बोलत होते. धूर डोळ्यात जाऊन राहिला, पायलट लोकेशला म्हण जरा दुरून घे. दुसऱ्या फेरीत थोडं कमी. तिसऱ्या फेरीत ते गप्प झाले. चित्र जमलं की ते गप्प होत.

“दीदी, ये राउंड तो मक्खन है,” दिग्दर्शक सुशील म्हणाला. मागे कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

ज्ञानदाने माइक ओढला. “बाबा, छान. असंच धरा.”

उत्तर आलं ते लोकेशचं.

“मैडम, अंकल कुछ बोल नहीं रहे.”

हेलिकॉप्टर उतरलं. नीलकंठराव जागेवर ताठ बसलेले होते. फक्त हनुवटी छातीला लागली होती आणि दोन्ही हात मांडीत पडले होते. शेजारी कॅमेरा रबरी दोरावर हेलकावत होता, आणि दर हेलकाव्याला मोटरी त्याला सरळ करत होत्या.

बक्कलवरची चिकटपट्टी निघेना. तिने ती फार चांगली बसवली होती.

कारखान्याच्या डॉक्टरांनी मनगट धरलं, बराच वेळ छातीला नळी लावली आणि मग उभे राहिले.

“हार्ट था. ऊपर ही हो गया. कब, कुछ अंदाज़ है?”

“मेरी तो पीठ थी उनकी तरफ,” लोकेश म्हणाला. तो कोणाकडेच बघत नव्हता. “पट्टे में थे, तो वैसे ही बैठे रहे होंगे. मुझे क्या पता चलता.”

ज्ञानदा तंबूत गेली. स्क्रीनसमोर बसून तिने चित्रण सुरुवातीपासून लावलं.

“दीदी, अभी मत देखिए,” सुशील म्हणाला.

चिमण्या आल्या, गेल्या. राखेचा तलाव, रस्त्यावर ट्रकांची रांग, परत चिमण्या. ती एक धक्का शोधत होती. एखादी तिरपी झालेली कड, निसटलेलं टोक. तिने मागे नेलं, पुन्हा पाहिलं. क्षितिज केसभरही कललं नव्हतं. यातल्या कोणत्या चिमण्या त्यांनी पाहिल्या आणि कोणत्या नाही, ते कुठेच कळत नव्हतं.

तंबूतली माणसं एकेक करून बाहेर गेली. सुशील तेवढा थांबला होता.

“बाबा,” ती स्क्रीनकडे बघत मोठ्याने म्हणाली, “एकदा तरी हलवायचा ना कॅमेरा.”