होमस्टेची पाटी

हंसाच्या घरात एकच जादा खोली. खिडकीतून हिमशिखरं सोडाच, शेजारचा गोठा दिसायचा. तरी फाल्गुनात तिने दारावर 'होमस्टे' अशी पाटी ठोकली. महिनाभर कुत्रंही फिरकलं नाही.

"काढ ती, शोभा होतेय," नवरा म्हणायचा. हंसा रोज पाटी पुसायची.

चैत्रात तिचे वडील दरवर्षीसारखे तळलेले गोड पुए नि साडी अशी माहेरची भिटौली घेऊन आले. लेकीच्या सासरचं पाणीही घ्यायचं नाही, हा त्यांचा नेम. पंधरा वर्षं ते अंगणातूनच, उपाशी परत जात होते.

आज मात्र त्यांनी पाटी दोनदा वाचली.

"काय गं, इथे पैसे भरले की जेवायलाही मिळतं?"

"मिळतं, बौज्यू. पण गिऱ्हाइकाला पानात काही टाकता येत नाही."

"मग पैसे आधी घे. फुकट जेवलो तर नेम मोडेल."

तीन भाकऱ्या खाऊन ते म्हणाले, "मीठ कमीच. अगदी तुझ्या आईसारखं."

रात्री त्याच खोलीत झोपून सकाळी ते गेले, तशी हंसा स्टुलावर चढून पाटी उतरवू लागली.

"अगं, आत्ता कुठे एक गिऱ्हाईक आलं!" नवरा ओरडला.

"हो ना. आता पुढच्या चैत्रात लावू."