एवन बालकेर्नचा दगड

तिसरं पत्र वाचून लॅक्लनने ते टेबलावर आपटलं. "पुन्हा नाहीच म्हणाले."

"आता काय कमी पडलं?" त्याच्या आईने, एफीने विचारलं.

"तेच. आपला मूळ पुरुष बालकेर्न सरदाराच्या रक्ताचा होता, याचा कागद."

लॅक्लन पाथरवट होता. त्याचे वडील एवन यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांनी जन्मभर शाळेची बस चालवली, पण सांगायचे मात्र ऐटीत, आपण तीन हरणांच्या ढालीवाले बालकेर्न. इन्व्हरनेसच्या दुकानातून ती ढाल, म्हणजे सरदार घराण्याचं चिन्ह, छापलेला मग आणला होता. चहा त्यातूनच प्यायचे. म्हणून लॅक्लनने त्यांच्या थडग्याच्या दगडावर तीच ढाल कोरली आणि तिथेच अडकला. स्कॉटलंडात ढाल आडनावाची नसते, माणसाची असते. अशा ढालींची नोंद ठेवणाऱ्या एडिंबराच्या सरकारी कचेरीने हक्क मान्य केल्याशिवाय ती लावणं गुन्हा. दगड अंगणात ताडपत्रीखाली पडून होता आणि एवनच्या उशाशी नुसती लाकडी पाटी.

"मी चौऱ्याऐंशीची झाले," एफी म्हणाली. "तुझ्या हरणांची वाट बघत बसले तर त्या पाटीवर माझंही नाव लिहावं लागेल तुला."

"माझी कसली? बाबांची आहेत ती हरणं."

त्याने तिरीमिरीत कचेरीला फोन लावला. पलीकडे मिस ऑलिफंट होत्या, नेहमीसारख्या शांत.

"आडनाव एक असलं म्हणून ढाल तुमची होत नाही, मिस्टर बालकेर्न."

"हे तीनदा लिहिलंत तुम्ही. मग आम्ही आहोत तरी कोण, तेवढं शोधून द्या." त्याने फोन ठेवून दिला.

आठवड्याने जाड पाकीट आलं. बाईंनी खरंच शोधलं होतं. सरदाराच्या जुन्या दप्तरातल्या एका पानाची नक्कल होती, सन १७८३ची. लॅक्लनने मोठ्याने वाचलं.

"या दुष्काळात ज्यांनी आमचं आडनाव लावलं, त्यांना ओटच्या पिठाचं एकेक पोतं. डोनल्ड, त्याची बायको, पाच मुलं. आजपासून बालकेर्न."

त्याने पान टेबलावर ढकललं. "रक्तबिक्त काही नाही. पोतंभर पिठासाठी नाव विकलं. आणि बाबा जन्मभर मिरवत राहिले."

"आधीचं नाव काय होतं?"

"तेवढंही लिहिलेलं नाही."

एफीने चष्मा लावला, पान जवळ ओढलं आणि ओळीवरून बोट फिरवलं. "या पाचांतलं आपलं कोण?"

"बाईंनी वंशावळही जोडलीय. चौथा, अँगस."

"तेव्हा केवढा होता?"

"दोन वर्षांचा."

तिने चष्मा काढला. मग म्हणाली, "ते पोतं घरात आलं नसतं, तर दोन वर्षांचं पोर त्या हिवाळ्यात राहिलं असतं का? तुझे बाबा झाले नसते. चिडायला तूही नसतास." तिने पान त्याच्या हातात दिलं. "डोनल्डने नाव विकलं म्हणू नकोस. जा, घासून काढ ती हरणं."

लॅक्लनला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी दगड एवनच्या उशाशी उभा राहिला.

दफनभूमीत येणारे लोक त्यावर कोरलेलं, तोंड बांधलेलं पोतं बघतात आणि विचारतात, एवन गिरणीवाला होता का.

"नाही," एफी सांगते. "ते आमच्या घराण्याचं चिन्ह आहे."