मूळ कागदपत्रे

डॉ. संध्या उईके यांनी संगणकशास्त्र विभागाचे दार ढकलले, तेव्हा विभागप्रमुखाच्या खुर्चीवर डॉ. संध्या उईके बसलेल्या होत्या. टेबलावरील पाटीवर ते नाव होते, छातीवरच्या बिल्ल्यावरही तेच होते. खुर्चीत मात्र खुशबू होती. दोन वर्षांपूर्वी पहिल्या बाकावर बसून संध्याची टिपणे उतरवून घेणारी तिची विद्यार्थिनी. समोर तपासणी समितीचे तीन सदस्य काजूबदाम चघळीत बसले होते.

संस्थेचे सचिव कैलाशभाऊ लगबगीने उठले. त्यांनी संध्याला दाराबाहेर घेतले आणि दार अर्धे ओढले.

"मॅडम, आजच काऊन आल्या तुमी?"

"माझे मूळ कागद न्यायला. नोकरी सोडून दोन वर्षं झाली, भाऊ, अन् तुम्ही कपाटातून काढूनच नाही राहिले. सोमवारी नागपूरला नव्या नोकरीसाठी कागदांची तपासणी आहे. कागद दाखवले नाही तर ती नोकरी गेली माझी."

"अन् आज पीएचडीवाला मास्तर नाही दाखवला तं माझा विभाग गेला." कैलाशभाऊ हसले. "आधा घंटा चूपचाप उभे राहा. मंग देतो. नाही तं उंदरं लय झाले आपल्या कॉलेजात. फाइलच खाऊन टाकतेत, क्या करें!"

संध्याने फटीतून आत पाहिले. टेबलावर तिची हिरवी फाइल उघडी होती. दहावीच्या गुणपत्रिकेपासून पीएचडीच्या प्रमाणपत्रापर्यंत एकेक कागद सालेकसाच्या जंगलातून निघून तिने मिळविलेला होता. रुजू होताना ते सर्व मूळ कागद संस्थेने ठेवून घेतले होते. आज समितीला दाखविण्याकरिता ते प्रथमच बाहेर आले होते. संध्याने ओठ आवळले आणि ती उभी राहिली. अर्धा तासच तर होता.

"मॅडम," अध्यक्षांनी खुशबूला विचारले, "आपला प्रबंध कोणत्या विषयावर आहे?"

"संगणकाद्वारे झाडीबोलीच्या उच्चारांची ओळख, सर." खुशबूने पाठ केलेले वाक्य एका दमात म्हटले.

"छान. म्हणजे नेमके काय केले आपण?"

खुशबूने कैलाशभाऊंच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिले. पाठांतर तेथेच संपले होते.

"सर, ते... खेड्यातले लोक अशुद्ध बोलतात ना. आमचं सॉफ्टवेअर त्यांची भाषा शुद्ध करून देतं."

संध्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नाव घेतले, खुर्ची घेतली, तेवढे तिने गिळले होते. परंतु त्या संशोधनासाठी टिपलेला पहिला आवाज तिच्या आईचा, दुर्पताबाईचा होता. कैलाशभाऊंचा हात झटकून ती आत शिरली.

"अशुद्ध नाही!"

तिन्ही सदस्यांनी माना वळविल्या. "या कोण?" अध्यक्षांनी विचारले.

"लॅब अटेंडंट आहे, सर, आमची," कैलाशभाऊ मागून घाईने म्हणाले. "फाइली उचलायला आली."

संध्या टेबलापाशी आली. मग ती बोलू लागली.

"मोहफुलं वेचणाऱ्या, तेंदूपानं तोडणाऱ्या दोनशे बायांचं बोलणं टिपलं होतं, साहेब. सात वर्षं लागली. पहिल्या चाचणीत संगणकानं अर्ध्याहून जास्त बोलणं फेकून दिलं. ओळखता नाही आलं की तो त्याला गोंगाट समजायचा. मोटारीची घरघर, पाखरांची किलबिल अन् बाईचं बोलणं, एकाच टोपलीत टाकायचा. त्या बाया साफ बोलून राहिल्या होत्या. त्याला बोलीच कोणी शिकवली नव्हती. शिकवल्यावर तो दहातली नऊ वाक्यं बरोबर ओळखू लागला. प्रबंधात हे आहे. शुद्ध करणं-बिरणं काही नाही त्यात!"

खुशबूची मान खाली गेली होती.

"वा!" अध्यक्षांनी टेबलावर थाप मारली. "अटेंडंट एवढी तयार, तर मॅडम, तुमचे काय सांगावे! लिहा हो, विभाग उत्कृष्ट."

शेजारच्या सदस्याने तसे लिहून घेतले.

"आमच्या कॉलेजात तं चपराशीही विद्वान आहेत, सर," कैलाशभाऊ म्हणाले आणि रुमालाने मान पुसू लागले. "चहा बोलावू ना?"

संध्याचा आवाज आता एकाएकी शांत झाला होता. "साहेब, ही फाइल पाहून झाली?"

"झाली, झाली. सही पण केली."

"मग नेते." तिने कागद सारखे केले, फाइल मिटली, नाडी बांधली आणि फाइल छातीशी धरली. "फाइली उचलायलाच आली आहे मी. भाऊंनीच सांगितलं ना आता."

कैलाशभाऊंचा रुमाल मानेवरच थांबला.

"मॅडम..." खुशबू अर्धवट उठली. तिच्या तोंडून ते नकळत निघून गेले होते.

"बसा, मॅडम, बसा," संध्या म्हणाली. "खुर्ची सोडू नका. लय मेहनतीची आहे ती."

ती बाहेर पडली. व्हरांड्यात मुलींची गर्दी होती. त्यांच्यामधून वाट काढीत ती फाटकाच्या दिशेने चालू लागली. कैलाशभाऊ दारापर्यंत धावले.

"अवं बाई! ओ बाई!"

साऱ्या मुलींनी वळून पाहिले. संध्याने पाहिले नाही. कैलाशभाऊंनी नावाने हाक मारण्याकरिता तोंड उघडले आणि ते उघडेच राहिले. ते नाव आत खुर्चीवर बसून समितीसोबत चहा घेत होते.